पाण्याच्या मागोमाग सर्वणची भटकंती

डिचोली तालुक्यात फिरायला येणारी मंडळी बहुधा मये तलावावर थांबतात, हरवळ्याच्या धबधब्यासमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. मधली गावं गाडीच्या काचेतून मागे पडतात. सर्वण हे अशांपैकीच एक. डिचोली शहराच्या जवळ, कारापूरशी एकाच पंचायतीत बांधलेलं. इथे तिकीटखिडकी नाही की खुणा रंगवलेली पायवाट नाही. काजूच्या बागायती, पोफळीची कुळागरं, भाताचे मळे आणि त्यांच्या मधून उतरणारं पाणी हीच इथली वाट. म्हणून या भागात नवख्या माणसाला मी एकच सल्ला देतो: पाण्याच्या मागोमाग चाला. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पडलेला पाऊस झरीतून व्हाळात (ओहोळात), व्हाळातून नदीत आणि नदीतून खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात, कसा जातो हे पायांनी पाहिलं, की हा तालुका कळतो.

सुरुवात सड्यावरून करा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा दगड सच्छिद्र. पाणी त्यात मुरतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येतं. गावातली कुळागरं अशा झरींच्या खाली का वसली आहेत, हे वर उभं राहिल्यावर आपोआप समजतं. उन्हाळ्यात काळा आणि ओसाड दिसणारा हाच कातळ ऑगस्टअखेरीस फुलांनी भरतो: निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला, कडेकडेने गुलाबी तेरडा. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत. कातळावरच्या बोटभर मातीत नायट्रोजन कमी, म्हणून त्यांनी ही सोय करून घेतली. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब पाहायचे तर गुडघे टेकावे लागतात. भिंग असेल तर न्या. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यांत चांगला वाटतो, कारण पाऊस थोडा ओसरलेला असतो, पण कातळावरची डबकी अजून भरलेली असतात.

एक कळकळीची विनंती इथेच करतो. सड्यावर गाडी घालू नका. मातीचा तो पातळ थर चाकाखाली एकदा निघाला की पुन्हा जमायला वर्षानुवर्षं लागतात. सडा म्हणजे पडीक जमीन, या समजुतीपायी गोव्याने असे पुष्कळ कातळ गमावले आहेत. पेडण्यात मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. जे सडे उरले आहेत, त्यांवर निदान आपण तरी पायी जाऊया.

सड्यावरून खाली उतरताना वाट बहुधा काजूच्या बागायतीतून जाते. मार्च ते मे हा बोंडूंचा हंगाम. फेणीच्या भाट्या पेटलेल्या असतात आणि बागायतीत पहाटेपासून माणसं असतात. तेव्हा हाक देऊन, विचारून पुढे जा. जमिनीवर पडलेला बोंडू कुणाचा तरी आहे, तो उचलू नका. कुळागरात तर विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नये. पोफळीच्या मुळाशी काढलेले पाट हाताने घडवलेले असतात आणि नवख्याच्या बुटाने ते सहज मोडतात. बहुतेक वेळा मालक स्वतःच झर दाखवायला पुढे येतो. भाताच्या मेरांचंही तसंच. पावसाळी सरद पिकाच्या वेळी मेरा ओल्या आणि मऊ असतात, तेव्हा मळ्याच्या कडेने जा. डिसेंबरनंतर ज्या मळ्यांत वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावतात, तिथे पाणी साठलेलं असतं आणि बगळे, वंचक, तुतारी, खंड्या अगदी जवळून पाहता येतात. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी आणि वेळ सकाळी सात ते नऊ. झाडांच्या शेंड्यावर मलबारी राखी धनेशाचा खिदळल्यासारखा आवाज आला तर थांबा. एक दिसला की मागून आणखी येतात.

वाटेत एखादी देवाची राय, म्हणजे देवासाठी राखलेलं रान, लागेल. चपला बाहेर काढाव्यात का, बाईमाणसांनी आत जावं का, फोटो काढावा का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जवळच्या घरात विचारा आणि सांगतील तसं करा. तिथलं पान, फूल, लाकूड काहीही उचलू नका.

व्हाळाचा माग पुढे नदीकडे नेतो. डिचोली नदी आणि वाळवंटी, दोघींचं पाणी शेवटी मांडवीत जातं. कारापुरातल्या विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे. नदीपलीकडे साखळी. घाटावर अर्धा तास बसायला ही जागा उत्तम. साखळीहून हरवळे जवळ आहे. जांभ्यात कोरलेल्या तिथल्या गुंफा साधारण सहाव्या-सातव्या शतकातल्या मानल्या जातात आणि लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. आत शिवलिंगं आहेत. धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ शेजारीच. गर्दी नको असेल तर डिचोलीजवळच्या लामगावच्या कोरीव गुंफा पाहा. जांभ्यासारख्या भुसभुशीत दगडात छिन्नी कशी चालवली असेल, हे तिथे शांतपणे निरखता येतं. वेळ कमी असेल आणि दोन्हींतून एकच निवडायचं झालं, तर मी लामगाव निवडेन.

धबधबा पाहायचा तो काठावरून. पावसाळ्यात धबधब्यांत आणि इतर पाणवठ्यांत पोहायला प्रशासन बंदी घालतं. त्यामागे दर वर्षीचे बुडून झालेले मृत्यू आहेत. त्याहूनही जास्त धोका खाणींच्या खंदकांचा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिचोली हा लोहखनिजाचा तालुका. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, मग काही काळ चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. आता लिलावातून नव्याने सुरू होत आहेत. जुन्या खंदकांत साठलेलं हिरवट-निळं पाणी फोटोत सुंदर दिसतं. पण त्याच्या कडा उभ्या, माती सैल, आणि खोली काठावरूनच सुरू होते. पाय घसरला तर वर यायला धरायला काही नसतं. अशा पाण्याजवळ जायचंच नाही. चालू खाणीच्या हद्दीतही शिरू नका आणि खनिजाचे ट्रक धावत असतील तो रस्ता चालायला निवडू नका. खाण संपल्यावर डोंगराचं काय करता येतं हे पाहायचं असेल, तर साखळीजवळ झाडं लावून सावरलेली जुनी खाण आहे. खाजगी जागा असल्याने परवानगी मात्र आधी काढावी लागते.

आता या भटकंतीतला मला सर्वांत प्रिय टप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर डिचोलीहून मयेला जा. डोंगरांच्या कुशीतला तलाव तासाभरात पाहून होतो. तिथे रेंगाळण्यापेक्षा पुढे नार्वे गाठा. सप्तकोटेश्वर हे कदंबांचं दैवत. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं आणि लिंग नदी ओलांडून इथे आलं. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडे झालेल्या जतनाच्या कामानंतर २०२३मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडलं. देवळातून धक्क्यावर उतरा आणि फेरीबोटीने दिवाडीला जा. देवाने केलेला प्रवास आपण उलट दिशेने करतो, म्हणून ही फेरी नुसती वाहतूक वाटत नाही. दिवाडीवर खाजनांच्या बांधांवरून रस्ता जातो, आणि दुसऱ्या टोकाच्या फेरीने जुन्या गोव्यात पोचता येतं. नार्व्याच्या फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. ती चुकली तर उन्हात बराच वेळ काढावा लागतो.

खाजन समजून घ्यायला थोडा वेळ द्या. समुद्राची भरती मांडवीतून पार गांजे गावापर्यंत आत चढते. हे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी शतकानुशतकं माती-दगडांचे बांध घातले आणि त्यांत मानशी बसवल्या. मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. भात आणि मासळी एकाच जमिनीवर पिकवणारी ही व्यवस्था बांध फुटला की एका हंगामात कोलमडते. म्हणून बांधावर गाडी नेऊ नका, त्याचे दगड हलवू नका. पक्षी पाहायचे तर ओहोटीची वेळ साधा, कारण चिखल उघडा पडला की पाणथळीचे पक्षी खाण्यासाठी उतरतात. ज्यांना कांदळवन जवळून पाहायचं आहे, त्यांनी दिवाडीऐवजी मयेहून चोडणची वाट धरावी. तिथलं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य १९८८पासूनचं, विस्तार अवघा १.७८ चौरस किलोमीटर. तिथून रायबंदरच्या फेरीने पणजीकडे निघता येतं.

तिसरा दिवस हाताशी असेल तर पेडणे गाठावं: शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला, हरमलचं गोड्या पाण्याचं तळं, तेरेखोलचं मुख. मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री टॉर्च पेटवू नका.

तब्येतीच्या दोन गोष्टी गांभीर्याने घ्या. पहिली माकडताप. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत २०१५-१६पासून या आजाराने माणसं दगावली आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका भटकंतीच्या दिवसांत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यांत खोचलेली, पाल्यापाचोळ्यावर बसकण नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंगावर गोचीड आहे का याची तपासणी. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. दुसरी गोष्ट फुरशाची. जांभ्याच्या कपारीत हा लहान साप सहज लपतो, तेव्हा न पाहता दगडावर हात ठेवू नका. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. १०८ला फोन करा. सरकारी आरोग्य केंद्र डिचोलीत आहे आणि साखळीतही. संध्याकाळी गवा समोर आला तर त्याला वाट द्या, मोबाईल खिशातच असू द्या. सुक्या गवताच्या दिवसांत काडी पेटवू नका. मार्च २०२३मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या आगी अजून विसरायच्या नाहीत.

पोचणं सोपं आहे. कोकण रेल्वेचं थिवी स्थानक जवळचं, आणि म्हापसा व पणजीहून डिचोलीला बस मिळतात. बुधवारी आलात तर डिचोलीच्या आठवड्याच्या बाजारात पावसाळ्यात फागलां, कुड्डुकेची भाजी, टायकिळा अशा रानभाज्या घेऊन बसलेल्या बायका भेटतील. त्यांच्याकडून भाजी घ्या, ती कुठल्या डोंगरावर मिळाली तेही विचारा. आणि सर्वण-कारापूरच्या मळ्यांत दिसलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायला विसरू नका. उद्या एखादा मळा बुजवायला कुणी आलं, तर तिथे काय होतं हे दाखवायला गावाच्या हातात ती नोंद असली पाहिजे.