यंत्र तेच, कृती नवी

सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड मागावर विणतात. पारंपरिक जॅकार्डमध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. भोक असेल तेथील ताण्याचे धागे वर उचलले जातात. नसेल तेथील खालीच राहतात. माळ बदलली की त्याच मागावर नवी नक्षी उतरते.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'रुबी' या संगणकभाषेत अशीच सोय आहे. वस्तूला करता येणाऱ्या कृतीस 'मेथड' म्हणतात. ती सहसा आधीच लिहिलेली असते. परंतु 'डिफाइन मेथड' या आज्ञेला नाव आणि सूचनांचा गट, म्हणजे 'ब्लॉक', दिला की प्रोग्रॅम चालू असतानाच नवी मेथड तयार होते.

उदाहरण घेऊ. २, ३, ५ या यादीतील प्रत्येक आकड्यासाठी नवे चलपद 'न' घ्या आणि 'दिलेल्या संख्येला न ने गुणा' हा ब्लॉक द्या. दुप्पट, तिप्पट, पाचपट अशा तीन मेथड मिळतील. त्यांना १० दिल्यास उत्तरे २०, ३०, ५० येतात. यादी संपली तरी प्रत्येक ब्लॉक आपला 'न' विसरत नाही. पुठ्ठ्याच्या कार्डात हा गुण नाही.

मात्र 'न' हे एकच चलपद यादीबाहेर ठेवून त्याचीच किंमत बदलत गेल्यास उत्तरे ५०, ५०, ५० येतील! कारण ब्लॉक किंमत नव्हे, चलपद लक्षात ठेवतो. आणि त्याची शेवटची किंमत ५ आहे.

आता सांगा: या दुसऱ्या रीतीत शेवटी 'न' ची किंमत ७ केली, तर तिन्ही उत्तरे काय येतील?