मुका मार आणि छातीतील रक्तस्राव

जखमेतून वाहणारे रक्त दिसले की कोणीही मदतीस धावतो. परंतु जे रक्त शरीराबाहेर पडतच नाही, त्याची दखल घेण्यास बहुधा उशीर होतो. माडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेला मजूर, बैलाने ढुशी दिलेला शेतकरी, मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण, यांच्या अंगावर पुष्कळदा खरचटण्यापलीकडे काही दिसत नाही. 'मुका मार आहे, शेकले की उतरेल', असे म्हणून त्यांना घरी नेले जाते. मार छातीवर बसला असेल तर हा निष्कर्ष घातक ठरू शकतो.

फुप्फुसाभोवती आवरणाचे दोन पातळ पदर असतात. एरवी त्यांच्यामध्ये केवळ काही मिलिलिटर द्रव असतो. या पोकळीत रक्त साचणे म्हणजे रक्तवक्ष. डॉक्टर यास 'हिमोथोरॅक्स' म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यापैकी ३० ते ४० टक्के रक्त छातीच्या एका बाजूस मावू शकते. एकीकडे अभिसरणातील रक्त कमी होते आणि दुसरीकडे साचलेल्या रक्ताने फुप्फुस दबून श्वास अपुरा पडतो, असे हे दुहेरी संकट आहे.

इजा हे याचे सर्वांत मोठे कारण. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेलगत एक रोहिणी जाते. बरगडी मोडली की तिचे टोक या रोहिणीत अथवा फुप्फुसात घुसते. फुप्फुसातील रक्ताचा दाब कमी असल्याने तेथील रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो. बरगडीच्या रोहिणीचे तसे नाही, आणि हृदयातून निघणारी महारोहिणी फाटली तर बहुतेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. इजेवाचूनही हा विकार क्वचित होतो. फुप्फुसाचा कर्करोग, महारोहिणीचा फुगा फुटणे, हिमोफिलिया, रक्त पातळ करणारी औषधे ही त्याची काही कारणे. क्षयरोगात छातीत होणारे पाणी कधी रक्तमिश्रित असते, पण तो प्रकार निराळा. काढलेल्या द्रवातील रक्तपेशींचे प्रमाण रुग्णाच्या रक्तातील प्रमाणाच्या निम्मे वा अधिक असेल, तरच त्यास रक्तवक्ष म्हणतात.

श्वास घेताना कळ येणे, धाप लागणे, नाडी जलद व क्षीण होणे, अंग थंड व घामेजलेले होणे, तहान लागणे, जीव घाबरा होणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. दरम्यान छाती चोळू नये, घट्ट पट्टा आवळू नये, तोंडाने पाणी वा चहा देऊ नये. छातीत चाकू वा सळई रुतलेली असेल तर ती उपसून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रुतलेल्या वस्तूमुळेच कधी कधी रक्त थोपलेले असते. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने रस्त्यावरील जखमीपासून दूर राहण्याचेही कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढतात. रुग्ण बसलेला असेल तर साधारण ३०० मिलिलिटर रक्त साचल्यावर ते चित्रात दिसू लागते. आडव्या रुग्णात त्याहून बरेच अधिक रक्तही नजरेतून सुटू शकते. म्हणून आता खाटेजवळच सोनोग्राफी केली जाते.

उपचार ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. बहुसंख्य रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया लागतच नाही. काखेच्या खाली, चौथ्या-पाचव्या फासळीच्या फटीतून, जागा बधिर करून एक नळी पोकळीत बसवितात. ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून नेतात, म्हणजे रोहिणीला धक्का लागत नाही. नळीचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली असते. त्यामुळे रक्त व हवा बाहेर येते, पण हवा आत जात नाही. जर्मन वैद्य ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये वापरलेली ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. रक्त निघाले की फुप्फुस फुलते आणि छातीच्या भिंतीला टेकून बारीक रक्तस्राव आपणच थांबविते.

बाटलीत रक्त पाहून नातेवाईक हबकतात. 'नळीनेच रक्त गेले' असा आरोपही ऐकू येतो. ते रक्त आधीच वाहिन्यांबाहेर पडलेले असते. नातेवाइकांनी खरी काळजी घ्यायची ती बाटलीची. ती छातीच्या पातळीवर कधीही उचलू नये, अन्यथा पाणी आत शिरेल. नळी पिळू वा दुमडू नये.

नळी घालताच सुमारे दीड लिटर रक्त आले, किंवा त्यानंतर दोन ते चार तास दर तासाला २०० मिलिलिटर येत राहिले, तर मात्र छाती उघडून रक्तवाहिनी बांधावी लागते. रक्त देण्याची सोयही तत्काळ हवी. येथे रक्तदात्यांचे मोल कळते. गुठळ्या आत राहिल्या तर पू होतो किंवा फुप्फुस जाड सालीत आवळले जाते. त्या दुर्बिणीद्वारे पहिल्या आठवड्यातच काढणे हिताचे असते.

एक गोष्ट विशेषतः वृद्धांच्या बाबतीत लक्षात ठेवावी. बरगडी मोडल्यावर पहिले चित्र निर्दोष आले, तरी काही दिवसांनी रक्तस्राव सुरू होऊ शकतो. घरी आल्यावर धाप वाढली, ताप आला किंवा चक्कर आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.