गोठलेले अंतराळघर

एप्रिल १९८४ मध्ये भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा ज्या अंतराळस्थानकात राहून आले, त्याचे नाव सॅल्यूत-७. त्या वेळच्या सोव्हिएत संघाने १९ एप्रिल १९८२ रोजी ते आकाशात सोडले होते. त्याची लांबी सुमारे १६ मीटर, म्हणजे आगगाडीच्या डब्याहूनही कमी. एवढ्याशा जागेत माणसाने स्वतःचे एक जग उभारले होते. तेथे वर-खाली असा भेद नव्हता. माणसे चालत नसत, तरंगत असत. हवा, ऊब, प्रकाश, पाणी यांपैकी काहीही यंत्रांवाचून मिळत नसे.

११ फेब्रुवारी १९८५ रोजी हे जग अकस्मात मुके झाले. पृथ्वीवरून केलेल्या पुकाऱ्यांना उत्तर येईना. आत त्या वेळी कोणी नव्हते, हेच सुदैव! अशा मृत स्थानकाला यान जोडण्याचा प्रसंग तोपर्यंत कोणावर आलेला नव्हता. ते साहस व्लादिमीर झानिबेकोव्ह व व्हिक्टर साविनिख या दोघांनी पत्करले. झानिबेकोव्ह यांनी १९८२ मध्ये स्वयंचलित यंत्रणा बिघडली असता याच स्थानकाला आपले यान हाताने जोडून दाखविले होते.

६ जून १९८५ रोजी त्यांचे सोयूझ टी-१३ हे यान बैकोनूरहून निघाले. दोनच दिवसांनी स्थानक दृष्टीस पडले. त्याचे सौरपंखे एका दिशेला नसून वेडेवाकडे वळलेले होते. आत वीज नाही, हे तेवढ्यावरूनच कळून चुकले. स्थानक संथपणे डोलत होते. झानिबेकोव्ह यांनी डोळ्यांनी अंदाज घेत, प्रकाशकिरणाने अंतर मोजीत यान हळूहळू जवळ नेले, त्याला वळसा घातला आणि पुढच्या दाराशी नेमके भिडविले.

आतील हवेचा दाब तपासून व तोंडावर मुखवटे चढवून दोघे आत शिरले. तेथे काळोख आणि निःशब्दता होती. भिंतींवर हिमाचा थर जमला होता. थुंकून पाहिले, तो थुंकी भिंतीवर तत्काळ गोठली. पाण्याच्या टाक्यांचे बर्फ झाले होते आणि बरोबर आणलेले पाणी मोजक्याच दिवसांचे होते.

थंडीहून मोठा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नव्हता. पृथ्वीवर आपल्या उच्छ्वासाची उष्ण हवा वर जाते आणि तिच्या जागी ताजी हवा येते. जेथे वजनच नाही, तेथे उष्ण हवेने वर का जावे? पंखे बंद असल्याने सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचून राही आणि डोके दुखू लागे. म्हणून हातापायांची हालचाल करून हवा ढवळावी लागे. आपण नकळत घेतो तो श्वास तेथे एक कामच होऊन बसला होता.

रोगाचे मूळ अगदी क्षुल्लक निघाले. विद्युत्-घट भरले आहेत अशी खोटी ग्वाही एक मापक देत राहिला. त्यामुळे सौरपंख्यांची वीज घटांपर्यंत पोहोचलीच नाही. संपर्क तुटलेला, म्हणून पृथ्वीवर कोणाला पत्ता लागला नाही. ८ घटांपैकी २ निकामी झाले होते. उरलेल्या ६ घटांना सौरपंख्यांच्या तारा थेट जोडायच्या ठरल्या. जाड हातमोज्यांत तार पिळता येत नाही. म्हणून त्या कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी त्यांनी एकेक जोड पिळून बांधला. मग सोयूझची लहान इंजिने चालवून सारे स्थानकच सूर्याकडे वळविले. घट भरू लागले, दिवे लागले.

परंतु ऊब आली तसे हिम वितळू लागले, आणि नवेच संकट उभे राहिले. वजन नसलेले पाणी खाली ओघळत नाही. ते भिंतींना, तारांना चिकटून बसते. वीज चालू असताना ओल्या तारा म्हणजे आगीला आमंत्रणच. दोघांनी कापडाचे बोळे घेऊन कोपरा न् कोपरा पुसून काढला.

२३ जून रोजी पाणी व सामान घेऊन आलेले मालवाहू यान स्थानकाला येऊन लागले. सप्टेंबरमध्ये नव्या सोबत्यांच्या हाती घर सोपवून झानिबेकोव्ह पृथ्वीवर परतले. साविनिख मात्र २१ नोव्हेंबरपर्यंत तेथेच होते.