जावा बेटांतील क्रुपुक व धंदेवाल्यांचे संघ

उन्हाळ्यांत पापड, कुरडया व सांडगे करून वर्षाची बेगमी करण्याची चाल आपल्या घरोघरीं आहे. इंडोनेशिया देशांत, विशेषतः जावा बेटांत, याच जातीचा ‘क्रुपुक’ नांवाचा पदार्थ असून त्याचा तेथें मोठा धंदा झाला आहे. शेतमालास कारागिरीची जोड कशी मिळते व त्या जोडीस संघाचें बळ कां लागतें, हें समजण्यास हा धंदा उपयोगी असल्यामुळें त्याची माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कच्चा माल.— सेलमकडून आपल्या बाजारांत येणारा साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याच कंदाचें सत्त्व हें क्रुपुकाचें मुख्य पीठ होय. हा कंद जमिनींत असेपर्यंत टिकतो. परंतु उपटल्यावर दोन-तीन दिवसांतच नासूं लागतो. म्हणून शेतकऱ्यास भावाची वाट पाहतां येत नाहीं. उलटपक्षीं सत्त्व व वाळविलेला क्रुपुक महिनोमहिने राहतो. नाशवंत पीक टिकाऊ मालांत बदलणें हेंच या धंद्याचें मर्म आहे.

कृति.— पूर्व जावांतील सिदोआर्जो हा भाग कोळंबीच्या क्रुपुकाबद्दल प्रसिद्ध आहे. सत्त्वांत वाटलेली कोळंबी, लसूण, मीठ व थोडी साखर घालून मळतात. त्याच्या लांबट वळकट्या करून वाफेवर शिजवितात. त्या थंड होऊन घट्ट झाल्या म्हणजे पातळ चकत्या कापून उन्हांत वाळवितात. चकतींत शेंकडा सुमारें १० भाग ओल राहावी. कढत तेलांत या ओलीची वाफ होऊन चकती फुलते. ओल अधिक राहिल्यास ती नीट फुलत नाहीं व टिकतही नाहीं. फारच कमी झाल्यासही फूल बेताचेंच येतें. सिरेबोनकडे, आपला भडभुंजा चणे भाजतो त्याप्रमाणें, तापलेल्या वाळूंत क्रुपुक भाजण्याचीही रीत आहे.

अडचणी.— पुष्कळ कारखाने लहान आहेत. सत्त्वाचा भाव चढला तरी किरकोळ गिऱ्हाईक वाढीव दर देण्यास राजी नसतें. जावांत सुमारें नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो. त्या दिवसांत वाळवण अडतें, आणि भट्टी लावावी तर सरपणाचा खर्च अंगावर येतो. तिसरी अडचण नांवाची. कांहीं कारागीर, विशेषतः तांदळाचे ‘कराक’ करणारे, कुरकुरीतपणासाठीं टांकणखार मिसळीत आले आहेत. तो अपायकारक असल्यामुळें तेथील सरकारनें खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली आहे. एकाच्या मालांत तो सांपडला, म्हणजे निर्दोष शेजाऱ्याच्या मालावरही संशय येतो.

संघ.— सत्त्वाची एकत्र खरेदी, सामाईक भट्टी व मालाची आपसांतील तपासणी हीं कामें एकट्यादुकट्याचीं नव्हत. तीं संघाचीं होत. त्या देशांत सहकाराची चाल जुनी आहे. १२ जुलै १९४७ रोजीं तासिकमलाया येथें तेथील सहकारी संस्थांची पहिली परिषद भरली. परंतु संघ काढल्यानेंच कार्य होतें असें नाहीं. सोयाबीन आंबवून ‘तेम्पे’ करणारे व सोयाबीनच्या दुधाचें पनीर करणारे यांचा ‘कोप्ती’ हा सहकारी संघ १९७९ सालीं निघाला. ‘बुलोग’ या सरकारी संस्थेकडून येणारें सोयाबीन सभासदांस वांटणें हें त्याचें मोठें काम होतें. १९९८ सालच्या आर्थिक संकटांत बुलोगचा आयातीचा मक्ता गेला, आणि त्याबरोबर अनेक शाखांचें कामच आटलें.

बोध.— सरकारी वांटपावर उभारलेला संघ वांटप थांबतांच बसतो. सभासदांच्या नित्य गरजेवर उभारलेला टिकतो, असें आमचें मत आहे. आमच्या वाचकांपैकीं जे पापड-कुरडयांचा संघ काढूं इच्छितात, त्यांनीं आधीं तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं : कच्चा माल एकत्र कोण घेणार? पावसाळ्यांत वाळवण कोठें होणार? आणि आपल्याच भाऊबंदाचा वाईट माल परत करण्याचें धैर्य पंचांस आहे काय? तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर संघाची पाटी रंगविण्याची घाई करूं नये.