वेडेपणा करावा, पण स्वखर्चाने

कॉलेजातल्या प्रेमात कविता लिहिणं आलंच. फक्त दुसऱ्याची कविता आपली म्हणून खपवू नये, विशेषतः समोरची मुलगी मराठी स्पेशलवाली असेल तर. ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा १९६७चा संग्रह. त्यातल्या ओळी इकडच्या तिकडे करून मी तिला वहीत लिहून दिल्या. साल १९९०, म्हटलं, आता कोण वाचतंय! वही परत आली ती समासात पेन्सिलीने पान क्रमांक लिहून. बाकी एक अक्षर नाही. इतकं नेमकं समीक्षण माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

मग कॅसेट. तेव्हा ‘आशिकी’च्या गाण्यांनी कान किटले होते. दुकानात यादी दिली की नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून मिळायची. गाण्यांची पहिली अक्षरं जोडली की तिचं नाव व्हावं, अशी यादी मी रात्र जागून केली. एका बाजूला पंचेचाळीसच मिनिटं मावतात, हे काही डोक्यात आलं नाही. तिने एवढंच विचारलं, “ए साइडचं शेवटचं गाणं मधेच का तुटतं रे?”

असले उद्योग जरूर करा. पैसे आपले, फजितीही आपली. आठवून हसू येतं ते अशांचंच. (माझ्या बायकोला दोन्ही किस्से पाठ आहेत. आमची लग्नं पुढे वेगवेगळ्या मांडवांत झाली, हे ओघाने आलंच.)

हसू येत नाही ते दुसऱ्या जातीच्या वेडेपणाचं. सुट्टीत ती नाशिकला गेली की मी रात्री अकराची वाट बघत एसटीडी बूथसमोर रांगेत उभा. अकरानंतर दर पाव व्हायचा. वडिलांनी फोन उचलला की मी ठेवून द्यायचो. ‘कोणाचे फोन येतात गं रात्रीचे?’ याचं उत्तर तिने द्यायचं. मला पाव दर लागायचा, उरलेला ती भरायची.

गॅदरिंगच्या फिशपॉन्डमध्ये मित्रांनी आमच्या नावांची चिठ्ठी टाकली. मी टाकायला सांगितली नव्हती, अडवलंही नव्हतं. स्टेजवरून ती वाचली गेली, हशा पिकला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हिरो. तिला मात्र न्यायला भाऊ यायला लागला आणि संध्याकाळची लायब्ररी सुटली. चिठ्ठी एकच, पण तिची किंमत दोघांनी सारखी मोजली नाही.

आता स्क्रीनवर नंबर दिसतो, म्हणून ब्लँक कॉलची सोय गेली. फिशपॉन्ड मात्र वर्षभर चालू असतो: स्टेटस, टॅग, ग्रुपवर फिरणारे चॅटचे स्क्रीनशॉट. फोटो टाकण्याआधी तिला विचारा. तिने उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून मेसेज करू नका. आणि मित्र म्हणाले, “थांब, आम्हीच बोलतो तिच्याशी,” तर त्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजा आणि घरी पाठवा.