गोळाफेकीचे पंधरा गुण

पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर, बाकी वाटणी तीच. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाने 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत आणि 100 मीटर साडेअकरा सेकंदांत धावायचं, 7.26 किलोचा गोळा साडेआठ मीटर टाकायचा. मुलीसाठी 800 मीटर 2 मिनिटं 40 सेकंद, 100 मीटर 14 सेकंद आणि 4 किलोचा गोळा 6 मीटर. शिंदखेडा तालुक्यात कुठल्याही गावच्या पारावर विचारा, हे आकडे पोरांना तोंडपाठ असतात. तरी पहाटे रस्त्याने पळणारी तीच पोरं पाहिली की एक गोष्ट खटकते. सगळे लांब पळतात. रोज तेवढंच अंतर, त्याच वेगाने. 50 पैकी 30 गुण ताकदीचे आणि ती ताकद झटक्यात वापरण्याचे आहेत, आणि त्या ताकदीच्या वाट्याला आठवड्यातला एक तासही येत नाही.

का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा मैदानावर नाही, घरात सापडतं. “वजन उचलं तं पोऱ्यानी उंची खुंटी जाई ना, सर?” हा प्रश्न मला दोंडाईचापासून नरडाण्यापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतो. विचारणारी माणसं अडाणी नसतात. त्यात शिक्षक असतात, बँकेतले असतात, एखादे डॉक्टरसुद्धा असतात. गंमत अशी, की सोळा वर्षांच्या पोराने युरियाची 45 किलोची गोणी खांद्यावर टाकून ट्रॉलीत रचली की याच घरात त्याचं कौतुक होतं. तेव्हा उंचीची आठवण कुणाला होत नाही.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो आणि हाड तिथून लांब होतं. भीती या थराची आहे आणि ती पूर्णपणे निराधार नाही. त्याला दुखापत होऊ शकते. पण अशा दुखापतींच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी चुकीची पद्धत, झेपण्यापलीकडचं वजन किंवा देखरेख करणारं कुणी नसणं, यांपैकी काहीतरी असतंच. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेताने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत हेच आहे. 2014 साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये मांडलेलं एकमताचं निवेदनही हेच सांगतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून; एक ते तीन सेट, प्रत्येकात सहा ते पंधरा आवर्तनं; आणि पद्धत पक्की झाली की वजन एका वेळी 5 ते 10 टक्क्यांनी वाढवायचं. मुलांसाठीच्या शिफारशी इतक्या साध्या आहेत.

वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या या तत्त्वाला शास्त्रीय शिस्त लावली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करताना त्याने भार मोजून वाढवत नेला. कपाशीला हंगामभराचं पाणी एका दिवसात सोडून चालत नाही, हे ज्या तालुक्याला सांगावं लागत नाही, तिथे भरतीची जाहिरात आली की पोरं पंधरा दिवसांत वर्षाचा व्यायाम उरकायला बघतात.

वयात येण्याआधीच्या मुलामुलींना व्यायामाने ताकद येते, पण दंड फुगत नाहीत. मेंदू आणि स्नायू यांचा ताळमेळ सुधारतो, त्यातून ती ताकद येते. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या दंडाला टेप लावणारा प्रशिक्षक दिसला तर मुलाला दुसरीकडे न्यावं. या वयात शिकायचं ते बैठक नीट घालणं, जोर काढताना कंबर खाली न पडू देणं, बारला लटकणं, उडी मारून गुडघे आत न वळवता जमिनीवर उतरणं. त्यानंतर हातात काठी, आणि मग कधीतरी लोखंड. स्पर्धेचा रिकामा बार पुरुषांसाठी 20 किलोचा असतो, महिलांसाठी 15 चा. नवख्याला तोही जड जातो, हे लक्षात असू द्या.

आपल्या तालमींना यातलं बरंच ठाऊक होतं. नव्या पोराला वस्ताद आधी हौद खणायला लावतात, ते उगाच नव्हे. मात्र तालमीची एक सवय मला पटत नाही, ती आकड्यांची. पाचशे बैठका, हजार बैठका. हजार बैठकांनी दम वाढतो, चिकाटी येते, पण गोळा लांब जायला लागते ती ताकद एका मर्यादेनंतर वाढत नाही. त्यासाठी आवर्तनं कमी आणि भार जास्त लागतो.

मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आणि मुलं चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने उंच होतात. त्या वर्षभरात चांगला खेळणारा मुलगा अचानक अवघडतो, अडखळतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणतो. या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, ते बहुधा वाढीबरोबर बरं होतं. पण त्या काळात उड्या आणि धावणं कमी करावं लागतं. “नाटकं करतो” म्हणून त्याला आणखी पळवणारे प्रशिक्षक आहेत, आणि पालकही. मुलींचं दुखणं वेगळं. पाळी सुरू झाली की घरचे मैदान बंद करतात, आणि चालू ठेवलं तर रक्त किती कमी आहे ते कुणी तपासत नाही. सराव वाढल्यावर पाळी लांबायला किंवा बंद व्हायला लागली तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं. ही गोष्ट प्रशिक्षकाला मोकळेपणी सांगता यावी, असं वातावरण नसेल तर ती अकॅडमी मुलीसाठी नाही.

खुराकाची चिंता अनावश्यक वाढवून ठेवली आहे. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी, सोबत शेंगदाण्याची चटणी, वाटीभर वरण, दूध किंवा दही, चालत असेल तर अंडी, एवढ्यावर पंधरा वर्षांचं पोर चांगलं उभं राहतं. धान्य आणि डाळ एकमेकांची प्रथिनांची उणीव भरून काढतात. डब्यातली पावडर त्यानंतर, आणि तीही लागलीच तर. इंजेक्शनचा विषय निघाला तर तिथून उठा. झोप मात्र आठ तासांहून कमी नको, आणि आमच्या उन्हाळ्यात सगळा सराव उजाडता उजाडता आटोपलेला बरा.

आता करिअर. पालकांची घाई मला कळते, पण आठव्या वर्षी एकच खेळ धरून बसलं नाही तर पोर मागे पडेल, ही समजूत अविनाश साबळेने खोटी पाडली आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनमध्ये राहिला, आणि 2015 च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत धावू लागला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य त्याने मिळवलं, 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव-बगळीचा विजय चौधरी. 2014, 2015, 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी, आणि त्या जोरावर पोलीस उपअधीक्षकपदी नेमणूक झाली. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. विकत आणलेला कागद तिथे उघडा पडतो आणि नोकरी जातेच, वर गुन्हाही दाखल होतो.

सांगलीच्या संकेत सरगरचंही नाव घ्यायला हवं. वडिलांची पान आणि चहाची टपरी. 2022 च्या त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत, बर्मिंगहॅमला, वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात त्याने 113 आणि 135 मिळून 248 किलो उचलले. 139 किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि एका किलोने सुवर्ण गेलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. एवढ्या उंचीवरचा खेळाडूही एका उचलीत जायबंदी होतो. म्हणून खेळणाऱ्या मुलाचं शिक्षण थांबवू नका, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. बारावी सोडून “फुल टाइम” सराव करणाऱ्या मुलांची पुढची पाच वर्षं मी पाहिली आहेत. ती सुखाची नव्हती.

शिवाय खेळाडू होणं ही एकच वाट नाही. मुलांना ताकद कशी वाढवायची ते शिकवणारा माणूस आज तालुक्यात शोधून सापडत नाही. शाळेतल्या क्रीडाशिक्षकासाठी बी.पी.एड. लागतं, पण शिक्षकभरती पवित्र पोर्टलवर कधी निघेल याच्यावर संसार मांडू नये. पदवीनंतर पटियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एका वर्षाचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम करता येतो. ही संस्था 1961 ची, आणि तिथल्या पदविकेला देशभर मान आहे. तेवढा वेळ नसेल तर तिथेच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून हेच काम करतं. ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई संस्था आहे, इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात प्रशिक्षणशास्त्राची पदवी आहे. विज्ञान शाखेच्या मुलाने नीट दिली असेल आणि एमबीबीएस हुकलं असेल, तर फिजिओथेरपीकडे दुय्यम म्हणून बघू नये. दुखापत आणि ताकद दोन्ही कळणाऱ्या माणसाला क्लबपासून हॉस्पिटलपर्यंत काम आहे. अमेरिकेचं सीएससीएस हे ताकदीच्या प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मोठ्या संघांकडे जाताना उपयोगी पडतं, पण त्यालाही आधी पदवी लागते आणि परीक्षा महाग आहे. पहिल्याच वर्षी कर्ज काढून त्याच्या मागे लागू नका.

फक्त खेळाडूंच्या फीवर शिंदखेड्यात पूर्ण वेळ प्रशिक्षक जगेल, असं मला आज वाटत नाही. भरतीची मुलं, शाळांचे संघ आणि गुडघे-कंबर दुखणारी मोठी माणसं असं तिन्ही सांभाळणारा मात्र जगेल. धुळे किंवा दोंडाईचाला बसून आजूबाजूच्या गावांत आठवड्याचे दिवस वाटून घेता येतात.

ज्यांची मुलं सध्या एखाद्या अकॅडमीत जातात, त्यांनी या महिन्याची फी भरताना मुलाची सरावाची वही मागावी. कोणत्या तारखेला कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा, गोळा किती मीटर गेला, त्या रात्री झोप किती झाली. तीन महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवून प्रशिक्षकाला फरक समजावून सांगायला लावा. वहीच नसेल तर पुढच्या महिन्याची फी थांबवून दुसरीकडे चौकशी सुरू करा.