गावशिवेवरील श्वापदे

कळमनुरी हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसलेले आहे. भोवताली कापूस, तूर, सोयाबीन आणि हळद यांची शेते, मध्येच एखादी मुरमाड टेकडी, ओढ्याकाठी बाभळी-बोरींची झुडपे, आणि जेथे कालव्याचे पाणी पोहोचले आहे तेथे पुरुषभर वाढलेला ऊस. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते व तिच्यावर इसापूरचे मोठे धरण आहे. दिवसभर या शिवारात माणसांची वर्दळ असते. सायंकाळी गुरे गोठ्यात येतात, दिवे लागतात, आणि अंधार दाटू लागला की दूरवरून एक लांबट, चढत जाणारा सूर ऐकू येतो. त्याला ओढ्याकडून साद मिळते, मग टेकडीकडून मिळते, आणि पाहता पाहता सारे रान कोल्हेकुईने भरून जाते. गावातील कुत्री तिला तावातावाने उत्तर देतात. थोड्या वेळाने दोन्ही पक्ष गप्प होतात आणि गाव झोपी जाते.

या ओरडणाऱ्या प्राण्याविषयी आपल्याकडे एक घोटाळा फार दिवसांचा आहे. इसापनीतीतील ज्या प्राण्याला द्राक्षे आंबट लागली तो मराठीत कोल्हा झाला. मुळात तो कोल्हा नव्हे; तो खोकडाच्या जातीचा. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे मात्र खरोखरीचे कोल्हे होत. खोकड अंगाने लहान असते, त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते आणि उघड्या माळावर बीळ करून ते राहते. कोल्हा त्याहून थोराड, उंच पायांचा आणि पिंगट सोनेरी अंगाचा. लांडगा व कुत्रा यांचा तो जवळचा आप्त आहे. उंदीर, घुशी, खेकडे, किडे, मेलेली जनावरे, झाडाखाली पडलेली बोरे, यांपैकी त्याला काहीही चालते. मक्याची कोवळी कणसे आणि टरबुजेही तो सोडत नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने शिवार उघड्या डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. शेतकरी काकडीच्या नुकसानीबद्दल कोल्ह्याला शिव्या देतो ते खरे. परंतु त्याच रात्री कोल्ह्याने किती उंदीर मटकावले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

असा सर्वभक्षी आणि सावध प्राणी माणसाच्या वस्तीला बिचकून दूर पळत नाही. माणसाने जेवढी जागा सोडली असेल तेवढ्यात तो आपला संसार थाटतो. मुंबईसारख्या महानगरात खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे राहतात, आणि रात्री जवळच्या इमारतींच्या आवारापर्यंत येऊन जातात. उत्तर अमेरिकेत कोल्ह्याचाच एक भाऊबंद आहे, त्याला कोयोट म्हणतात. शिकागो या अफाट शहरात व त्याच्या उपनगरांत या कोयोटांचा अभ्यास २००० सालापासून चालू आहे. शास्त्रज्ञांनी त्यांच्या गळ्यात संदेश देणारे पट्टे बांधले, तेव्हा असे दिसून आले की, रानात दिवसाउजेडीही फिरणारा हा प्राणी शहरात आला की बहुतांशी निशाचर बनतो. त्याच्या अन्नात कचऱ्यापेक्षा उंदीर आणि ससे यांचाच भरणा अधिक असतो, आणि त्याचा मृत्यू बहुधा मोटारीखाली होतो. २००७ साली तर एक कोयोट भरदिवसा शिकागोतील एका उपाहारगृहात शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात जाऊन स्वस्थ बसला. कोणालाही इजा न करता त्याला तेथून नेण्यात आले. गिऱ्हाइकांची भंबेरी उडाली असेल, पण कोयोटाची त्याहून अधिक उडाली असली पाहिजे.

कोल्ह्याची गोष्ट निराळी आणि वाघाची निराळी, असे कोणी म्हणेल. तर वाघाचेही उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच घडलेले आहे.

यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर नावाचे अभयारण्य आहे. त्याचा विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे वाघांच्या मानाने बेताचाच. तेथे २०१६ च्या अखेरीस एका वाघिणीला तीन नर बच्चे झाले. ते वाढीला लागल्यावर त्यांतील एकाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला. या पट्ट्यातून उपग्रहाच्या साहाय्याने वाघाचा ठावठिकाणा वरचेवर कळत असे. वयात आलेल्या नर वाघाला आपले स्वतंत्र राज्य हवे असते. बापाच्या किंवा भावाच्या राज्यात त्याला थारा मिळत नाही. त्या वर्षीच्या जून महिन्यात या तरुण वाघाने टिपेश्वर सोडले आणि तो चालू लागला. कधी तेलंगणातील आदिलाबादकडे, कधी परत महाराष्ट्रात, नांदेड जिल्ह्यातून हिंगोली जिल्ह्यात, तेथून वाशीम आणि अकोला जिल्ह्यांत, अशी त्याची भ्रमंती सुरू होती. वाटेत शेते होती, नद्या-नाले होते, डांबरी रस्ते होते आणि शेकडो गावे होती. दिवसा तो एखाद्या ओढ्याच्या झुडपात वा उभ्या पिकात पडून राही आणि रात्री मार्ग आक्रमी. रानडुकरे आणि प्रसंगी गुरे यांवर त्याने गुजराण केली. डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याने सुमारे १,३०० किलोमीटरांची मजल मारलेली होती. पुढेही त्याचे हिंडणे थांबले नाही. नऊ महिन्यांत ते ३,००० किलोमीटरांवर गेले. भारतात एखाद्या वाघाने केलेला इतका लांबचा प्रवास त्यापूर्वी नोंदला गेलेला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातील पट्टा काढून घेण्यात आला.

या प्रवासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अंतराची नाही. एवढ्या मोठ्या मुलुखातून, एवढ्या माणसांच्या अंथरुणाजवळून एक पूर्ण वाढलेला वाघ निघून गेला आणि बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नाही. माणसाला इजा झाल्याची एकच घटना तेव्हा सांगितली गेली, आणि ती कशी घडली हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वाघ ज्या झुडपात विश्रांती घेत होता त्याच झुडपात माणसांचा एक घोळका शिरला, तेव्हा त्यातील एक जण जखमी झाला. श्वापद दिसले की गर्दी करून त्याच्या मागे धावण्याची आपल्याकडे रीत पडलेली आहे. चोहोबाजूंनी आरडाओरडा सुरू झाला आणि पळून जाण्याची वाट उरली नाही म्हणजे भित्रे मांजरदेखील अंगावर येते, मग वाघाचे काय सांगावे?

वाघ वाटसरू होता. बिबट्या मात्र बिऱ्हाड करून राहणारा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांत धरणे झाली, कालवे निघाले, आणि जेथे पूर्वी बाजरी होत असे तेथे ऊस डोलू लागला. बाराही महिने दाट सावली, जवळ पाणी, आणि गावोगाव मोकाट कुत्री, शेळ्या व कोंबड्या! एवढी सोय असताना बिबट्याने डोंगरात कशासाठी राहावे? उसाच्या फडातच बिबट्यांच्या माद्या विऊ लागल्या. या बिबट्यांनी जंगल पाहिलेलेच नाही. त्यांचे जन्मस्थान उसाचा फड हेच आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात रात्री आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावून गणना केली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबट्ये आणि जवळजवळ तितकीच तरसे आढळली. बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा त्यांच्या अन्नात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गावात शेळ्या पुष्कळ होत्या, पण त्यांना रात्री कोंडले जाते. कुत्री मोकळी असतात.

बिबट्या दिसला की पिंजरा लावा आणि त्याला दूर जंगलात नेऊन सोडा, अशी मागणी लोक साहजिकच करतात. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आला. त्याचे फळ विपरीत निघाले. त्यापूर्वी तेथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत असत. या काळात ही सरासरी सतरावर गेली. याची कारणे फारशी गूढ नाहीत. पिंजऱ्याच्या गजांशी झटापट करताना बिबट्याचे सुळे आणि नखे मोडतात. परक्या मुलुखात सोडल्यावर भक्ष्य कोठे, पाणी कोठे, माणसाची वाट कोणती, हे त्याला ठाऊक नसते. तो भांबावतो आणि चालत सुटतो. इकडे त्याची जागा रिकामी राहते असेही नाही. दुसरा एखादा तरुण बिबट्या ती बळकावतो, आणि या नवख्याला त्या गावची रीतभात माहीत नसते. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ असे नाव दिले होते. आजोबांनी घाट मानवून घेतला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याच्या आत ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचले. वाटेत त्यांनी कोणाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळ रस्ता ओलांडताना एका वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

तथापि एवढ्यावरून बिबट्या निरुपद्रवी आहे असे कोणी मानू नये. २०२५ साली पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत तीन जणांचे प्राण बिबट्याने घेतले. त्यांत दोन मुले होती. अखेर एक बिबट्या गोळी घालून ठार करावा लागला. ज्या घरातील मूल गेले त्या घराला गणनेचे आकडे ऐकवून काय समजूत पडणार? त्यांचा संताप रास्त आहे. प्रश्न एवढाच की, तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून काय केले असता उपयोग होतो.

अनुभवी लोक सांगतात ते उपाय साधे आहेत. मूल वाकून बसलेले किंवा अंगणात एकटे असले म्हणजे बिबट्याला ते लहान जनावरासारखे दिसते. म्हणून अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये. पहाटे किंवा रात्री पिकास पाणी द्यावयाचे तर दोघातिघांनी मिळून जावे, हाती बॅटरी असावी आणि मोठ्याने बोलत चालावे. गोठ्याला आगळ आणि वरून जाळी असावी. उरलेसुरले अन्न, कोंबड्यांची पिसे-आतडी, मेलेले जनावर उघड्यावर टाकले की प्रथम कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या पाठोपाठ त्यांना खाणारा येतो. गावच्या उकिरड्याचा आणि बिबट्याचा संबंध असा थेट आहे. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. लोकांनी लाठ्या घेऊन फडाला वेढा घालण्यापेक्षा तो करणे केव्हाही बरे.

कोल्ह्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी अवश्य घ्यावयास हवी. निरोगी कोल्हा माणसाला टाळतो. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने कोल्हाही पिसाळतो, आणि मग तो दिवसाढवळ्या गावात शिरून दिसेल त्याला चावत सुटतो. असा चावा झाला असता जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घेण्यास सुरुवात करावी. हळद, चुना किंवा मिरची जखमेत भरू नये. हा रोग एकदा अंगात उमटला की जवळजवळ कोणीही त्यातून वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र माणसाला वाचवते.

उसाची तोडणी सुरू झाली की जुन्नरकडे दर वर्षी एक प्रसंग घडतो. कोयते सपासप चालत असतात, फड कमी कमी होत जातो, आणि पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्ले कुडकुडत पडलेली मजुरांना दिसतात. पूर्वी अशी पिल्ले अनाथ समजून उचलून नेली जात, आणि रात्री त्यांची आई चवताळून शिवारभर हिंडे. आता पिल्लांची प्रकृती तपासून वनखात्याचे लोक सायंकाळी ती एका खोक्यात ठेवतात व ते खोके जेथे पिल्ले सापडली त्याच ठिकाणी नेऊन ठेवतात. मजूर आपल्या पालांकडे परततात. शिवार शांत होते. मादी दबकत येते, खोके हुंगते, एकेका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलते आणि पलीकडच्या न तोडलेल्या उसात घेऊन जाते. सकाळी मजूर पुन्हा कोयते घेऊन येतात, तेव्हा खोके रिकामे असते.